मर्यादेची सोय

संगणकावरचे खेळ तज्ज्ञांनी करावेत आणि इतरांनी ते खेळावेत, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. ती अगदीच खोटी नाही. मोठ्या खेळाचे सगळे साहित्य नवख्यापुढे मांडले, तर पहिल्या तासातच शंभर प्रश्न उभे राहतात. चित्र केवढे असावे? रंग कोणते? पात्राने धावावे की उडावे? उत्तरे शोधता शोधता हौस विरून जाते.

ॲडम ले डू यांचे 'बिट्सी' हे साधन आपण पाहू. ते विनामूल्य आहे व ब्राउझरमध्येच चालते. त्यात प्रत्येक चित्र ८ बाय ८, म्हणजे अवघ्या ६४ घरांचे. अशी १६ बाय १६ चित्रे मांडली की एक खोली होते. एका रंगसंगतीत रंग तीनच. दुसुतीवर फुल्यांचा कशिदा काढणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको: घर भरायचे किंवा मोकळे ठेवायचे. पात्र चालते, कोणाला धडकले की संवाद उमटतो. चित्रकलेची भीती येथे निम्मी ओसरते, आणि खरा प्रश्न तेवढा उरतो: या भेटलेल्या माणसाने बोलावे काय? बिट्सीत छोट्या आठवणींचे खेळ पुष्कळ आढळतात, त्याचे कारण आम्हांला हेच वाटते.

२०१५ चे 'पिको-८' थोडे अवघड, कारण तेथे आज्ञावली लिहावी लागते. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, सारा खेळ ३२ किलोबाइटांत. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी त्यावर 'सेलेस्ट' चार दिवसांत केला. पुढे त्याचाच विस्तार होऊन २०१८ साली मोठा खेळ निघाला. ही दोघे मुळीच नवखी नव्हती, हे कबूल केले पाहिजे. नवख्याला उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुसऱ्याचा खेळ थांबवून त्याची आज्ञावली वाचता येते, एखादा आकडा बदलून उडी उंच होते का, हे पाहता येते.

अर्थात, अभाव आणि मर्यादा एक नव्हेत. ज्याच्या घरी संगणकच नाही, त्याच्या अडचणीचे कौतुक कोणी करू नये. येथली मर्यादा कोणीतरी विचार करून आखलेली आहे आणि ती ओलांडून जाण्याची मुभा आहे. क्रिकेटचा खेळ करू पाहणाऱ्या मुलाला बिट्सी दोन दिवसांत अपुरे पडेल. पडू द्यावे. तोवर एक पुरा झालेला खेळ त्याच्या हाती असतो, आणि तो एकाच फायलीत मित्राकडे धाडता येतो.