सिमोन नावाच्या बायका

१९२७ साली पॅरिसच्या सोरबोनमध्ये सामान्य तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र या विषयाची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा पहिल्या दोन्ही जागांवर मुली होत्या आणि दोघींचंही नाव सिमोन. पहिली आली अठरा वर्षांची सिमोन वेल, दुसरी एकोणीस वर्षांची सिमोन द बोव्हुआर. दुसरी जगभर गाजली. पहिली चौतिसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका सॅनेटोरियममध्ये वारली आणि तिची बहुतेक पुस्तकं तिच्यामागे निघाली. या निकालाबद्दल मी कॉलेजात असताना वाचलं आणि तेव्हापासून सिमोन नावाची बाई कुठे भेटली की मी थांबते. चरित्रं, जुनी मासिकं, चित्रपटांच्या श्रेयनामावल्या, दफनभूमीतले दगड, काहीही चालतं.

नावाबद्दलचं आवश्यक तेवढं सांगून टाकते. सिमोन हे सिमॉन या पुरुषी नावाचं फ्रेंच स्त्रीरूप. सिमॉन मूळचं हिब्रू, बायबलमधल्या सेंट पीटरचं आधीचं नाव. इटलीत मात्र सिमोने हा पुरुषच असतो, त्यामुळे चौदाव्या शतकातला चित्रकार सिमोने मार्तिनी आमच्या यादीत येत नाही. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुलींना हे नाव भरपूर ठेवलं गेलं, मग ते मागे पडलं. म्हणूनच या लेखातल्या बहुतेक सिमोन १९०८ ते १९३० या काळात जन्मलेल्या आहेत. दोन महायुद्धं, बेकारी, हिटलर आणि बायकांचा मताधिकार (फ्रेंच बायकांना तो १९४४ साली मिळाला) हे सगळं या एका पिढीने पाहिलं.

बोव्हुआरबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण मराठी वाचकाला ती परकी नाही. १९४९चं तिचं 'द सेकंड सेक्स' करुणा गोखले यांनी मराठीत आणलं आणि आपल्याकडच्या स्त्रीविषयक लेखनात तिचं नाव वारंवार येतं. १९२९ साली तत्त्वज्ञानाच्या अग्रेगासियों या अवघड स्पर्धापरीक्षेत सार्त्र पहिला आणि ती दुसरी आली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. १९५४ साली 'ले मांदारें' या कादंबरीला गाँकूर पारितोषिक मिळालं. १९७१ साली गर्भपात केल्याचं जाहीर सांगणाऱ्या ३४३ स्त्रियांचं निवेदन निघालं, त्याचा मजकूर तिचा. मोंपार्नास दफनभूमीत ती आणि सार्त्र एकाच दगडाखाली आहेत. दगडावर फक्त नावं आणि साल, आणि त्याभोवती वाचकांनी ओठ टेकवून उमटवलेले लिपस्टिकचे ठसे. सेन नदीवर २००६ साली तिच्या नावाचा पादचारी पूल झाला. राष्ट्रीय ग्रंथालयासमोरून निघून तो बेर्सीच्या बागेकडे उतरतो. मला तो पॅरिसमधला सगळ्यात देखणा पूल वाटतो.

पण मला खरी ओढ वेलची. बोव्हुआरने आठवणींत त्यांची भेट नोंदवली आहे. चीनमध्ये दुष्काळ पडल्याचं ऐकून वेल रडली, हे बोव्हुआरच्या कानावर आलं होतं आणि त्या रडण्याचा तिला हेवा वाटला होता. दोघी सोरबोनच्या अंगणात बोलत होत्या. सगळ्यांना खायला घालील अशी क्रांतीच काय ती महत्त्वाची, असं वेलचं म्हणणं. बोव्हुआर म्हणाली, माणसाला आपल्या जगण्याचा अर्थ सापडणं जास्त महत्त्वाचं. वेलने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि तू कधी उपाशी राहिलेली दिसत नाहीस, अशा अर्थाचं उत्तर देऊन विषय मिटवला. हा प्रसंग बोव्हुआरने स्वतःच्या पुस्तकात, स्वतःची बाजू पडती असूनही, लिहून ठेवला याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

वेलचे वडील डॉक्टर, घर ज्यू पण धर्म न पाळणारं, सुखवस्तू. पहिल्या महायुद्धात सीमेवरच्या सैनिकांना साखर मिळत नाही म्हटल्यावर या चिमुरडीने साखर सोडली. पुढे ल प्युई गावात शाळेत तत्त्वज्ञान शिकवताना ती खडी फोडणाऱ्या बेकारांचा मोर्चा घेऊन नगरपालिकेत गेली आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपली. कामगारांबद्दल लिहायचं तर कामगार व्हायला हवं असं तिच्या मनाने घेतलं. डिसेंबर १९३४मध्ये शाळेतून रजा काढून ती पॅरिसच्या अल्स्थोम कारखान्यात मजुरीला लागली.

तिथे तिने ठेवलेली डायरी हे माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. १९५१ साली ते तिच्या इतर कामगारविषयक लेखांबरोबर छापलं गेलं. डायरीत तत्त्वज्ञान कमी आणि हिशेब जास्त. अमुक नग केले, नगामागे दर इतका, वेळ इतका लागला, इतके नग नापास झाले, हातात इतके पैसे पडले. भट्टीवर तांब्याची वेटोळी घालायची आणि काढायची, ज्वाळा हातांपर्यंत येतात, दंडावर भाजल्याचे डाग. तिला आधीपासून अर्धशिशीचा भयंकर त्रास, हात अजागळ, नजर अधू. दिवसाचा ठरलेला आकडा तिला गाठता येत नव्हता आणि ती प्रामाणिकपणे तेवढ्याच मजुरीत जेवत होती. मध्ये एकदा कामावरून काढलं, दुसरीकडे लागली, तिथूनही काढलं, मग १९३५च्या उन्हाळ्यात रेनॉच्या मोटार कारखान्यात मिलिंग मशीनवर. एके दिवशी ती बसमध्ये चढते आणि तिला आश्चर्य वाटतं: मला इतरांसारखं बसमध्ये बसू कसं देतात? कुणी ढकलून खाली उतरवलं असतं तरी तिला ते रास्तच वाटलं असतं. काही महिन्यांच्या मजुरीने माणसाच्या मनाचं काय होतं, याचं याहून नेमकं टिपण मी वाचलेलं नाही. वेलच्या नंतरच्या आध्यात्मिक लेखनावर लोक फिदा असतात. माझं मत असं की ते सगळं या वहीतून आलं आहे, आणि ज्याने वही वाचली नाही त्याला ते लेखन अर्धंच समजतं.

आता थोडं वळण घेते, कारण या घरातला भाऊ आपल्या जवळचा आहे. आंद्रे वेल, सिमोनपेक्षा तीन वर्षांनी मोठा, विसाव्या शतकातला फार मोठा गणिती. संस्कृत शिकलेला. १९३० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच, तो अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून आला. त्याने तिथे जी तरुण माणसं गोळा केली त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी होते, गोव्यातल्या कोसबें गावचे, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवणारे आणि भारतीय इतिहासाकडे बघायची रीत बदलणारे. आंद्रेच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एका भारतीय नियतकालिकात 'बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेया'वर एक निबंध लिहिला आणि हे प्रमेय बूरबाकी नावाच्या विस्मृतीत गेलेल्या रशियन गणितज्ञाच्या नावावर टाकलं. असा गणितज्ञ कधी झालाच नव्हता. काही वर्षांनी आंद्रे आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी याच नावाने पुस्तकं लिहायला घेतली आणि निकोला बूरबाकी हे नाव गणितात अजरामर झालं. ते नाव पहिल्यांदा छापलं गेलं आपल्या कोसंबींच्या लेखणीतून! बूरबाकी मंडळाच्या बैठकीच्या एका जुन्या छायाचित्रात पुरुषांच्या घोळक्यात गोल चष्म्याची सिमोनही दिसते.

१९४० साली सैन्यात हजर न झाल्याबद्दल आंद्रेला रूआँच्या तुरुंगात टाकलं. तिथे त्याचं गणित विलक्षण वेगाने पुढे गेलं. अलीगढचे सहकारी विजयराघवन म्हणायचे की सहा महिने तुरुंग मिळाला तर रीमानचं अवघड गृहीतक सिद्ध करून दाखवीन. तुरुंगातून पत्र लिहिताना आंद्रेला ते आठवलं. मार्चमध्ये त्याने सिमोनला एक लांबलचक पत्र लिहिलं. गणिताच्या तीन वेगवेगळ्या प्रांतांत एकच मजकूर तीन लिप्यांत लिहिल्यासारखा कसा दिसतो, हे त्यात आहे. आजही गणिती ते पत्र वाचतात. बहीण गणिती नव्हती, तरी आपल्या सगळ्यात खोल विचारांसाठी त्याला तीच वाचक हवी होती.

त्याच वसंतात सिमोनने गीता वाचली. शांततावाद तिने नुकताच सोडला होता, हिटलरशी लढावंच लागेल हे तिला पटलं होतं, आणि लढायचं पण मन मलिन होऊ द्यायचं नाही, या पेचात ती होती. पुढे मार्सेयमध्ये कवी रने दोमालकडे ती संस्कृत शिकली आणि देवनागरी लिहू लागली. तिच्या वह्यांत ग्रीक आणि फ्रेंच ओळींच्या मध्येच संस्कृत शब्द येतात. 'गीतारहस्य' वाचलेल्या मराठी माणसाला तिचा अर्जुन थोडा वेगळा वाटेल. टिळकांचा अर्जुन उठून कामाला लागतो. वेलचा अर्जुन, आता मागे फिरता येत नाही, हे ओळखून रथात उभा राहतो. मला दोन्ही वाचनं हवीशी वाटतात.

१९४२च्या अखेरीस ती लंडनला द गोलच्या मुक्त फ्रान्स सरकारात कामाला लागली. आघाडीवर परिचारिकांची तुकडी विमानातून उतरवायची योजना तिने मांडली, स्वतः पहिली जायला तयार होती. द गोलने ही बाई वेडी आहे म्हणून कागद बाजूला सारला. एप्रिल १९४३मध्ये क्षय निघाला. फ्रान्समधल्या लोकांना शिधापत्रिकेवर मिळतं त्याहून जास्त खाणार नाही, हा तिचा हट्ट होता. २४ ऑगस्टला केंट परगण्यातल्या अ‍ॅशफर्ड इथे ती गेली. चौकशी अधिकाऱ्याने मनाचा तोल गेल्यामुळे अन्न नाकारून आत्महत्या असा निर्णय लिहिला. मला हा निर्णय कधीच मान्य झाला नाही. साखर सोडणाऱ्या मुलीने चौतिसाव्या वर्षी तेच केलं, त्यात तोल गेल्याची खूण कुठे आहे?

अ‍ॅशफर्डला मी मुद्दाम गेले. लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान गाडीने पाऊण तासही लागत नाही. गावाबाहेर महामार्गाला मिळणाऱ्या रस्त्याला सिमोन वेल अ‍ॅव्हेन्यू नाव आहे, दोन्ही बाजूंनी मालमोटारी धडधडत जातात. बायब्रुक दफनभूमीतला तिचा दगड जमिनीलगत आडवा, त्यावर नाव आणि फ्रेंचमध्ये दोन तारखा. दफनाच्या दिवशी लंडनहून यायच्या धर्मगुरूची गाडी चुकली, तेव्हा मित्र मोरिस शुमानने प्रार्थना वाचली. पुढे पंधराएक वर्षं त्या जागी दगडही नव्हता. तिची पुस्तकं छापायचं काम आल्बेर काम्यूने अंगावर घेतलं, नाहीतर आज हा लेखही नसता.

दुसरी सिमोन वेल वेगळी, आणि फ्रेंचमध्ये दोघींचा उच्चार एकच असल्यामुळे वर्तमानपत्रंही कधीकधी घोटाळा करतात. नात्याने काहीही संबंध नाही. मी यांना मनातल्या मनात धाकट्या वेल म्हणते. जन्म १९२७चा, नीसचा, माहेरचं नाव झाकोब. शालान्त परीक्षा आटोपली आणि लगोलग, मार्च १९४४च्या अखेरीस, सोळा वर्षांच्या सिमोनला नाझींनी पकडलं. आउश्वित्झमध्ये हातावर ७८६५१ हा आकडा गोंदला गेला. आई बेर्गेन-बेल्सेनमध्ये टायफसने गेली, वडील आणि भाऊ परतले नाहीत. त्या परत येऊन कायदा शिकल्या, न्यायखात्यात शिरून तुरुंगांची स्थिती सुधारायला झटल्या आणि १९७४ साली आरोग्यमंत्री झाल्या. २६ नोव्हेंबरला गर्भपात कायदेशीर करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं, तेव्हा सभागृहात ४८१ पुरुष आणि ९ बायका होत्या. एका सदस्याने तर दहनभट्ट्यांचा उल्लेख केला, आउश्वित्झहून आलेल्या बाईसमोर. २८४ विरुद्ध १८९ मतांनी विधेयक मंजूर झालं. आपल्याकडचा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१चा, म्हणजे फ्रान्सच्या आधीचा. त्यामागची समिती शांतिलाल शाह या महाराष्ट्राच्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसली होती. हे मी पॅरिसमध्ये कुणालाही सांगितलं की समोरच्याला आश्चर्य वाटतं. १९७९ साली धाकट्या वेल थेट निवडून आलेल्या युरोपीय संसदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढे फ्रेंच अकादमीत गेल्यावर सभासदाला मिळणाऱ्या तलवारीवर त्यांनी आपला छावणीतला आकडा कोरून घेतला. २०१८पासून त्या पतीसह पांतेओं या राष्ट्रीय स्मारकाच्या तळघरात, नाझीविरोधी प्रतिकाराचा नेता जाँ मूलँच्याच दालनात आहेत.

अभिनेत्री सिमोन सिन्योरेवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. १९२१ची, जन्माची कामिंकर. वडील ज्यू म्हणून नाझी काळात काम मिळवायला आईचं आडनाव लावलं. 'रूम अ‍ॅट द टॉप'साठी ऑस्कर मिळालं, पण मला 'कास्क दोर'मधली १९५२ची सिन्योरे हवी असते. हाच चित्रपट पाहून अमेरिकेतल्या युनिस वेमन या काळ्या पियानोवादिकेने १९५४ साली अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये वाजवताना नाव घेतलं नीना सिमोन. आईला बारमधलं गाणं कळू नये म्हणून नाव बदलायचं होतं. शेवटची वर्षं नीना फ्रान्समध्येच राहिली. ग्वादलूपच्या कादंबरीकार सिमोन श्वार्झ-बार्ट यांचंही नाव इथे नोंदवते.

आणि मुंबईची सिमोन. जिनिव्हात १९३०मध्ये जन्मलेल्या सिमोन दुनोये १९५३ साली पर्यटक म्हणून भारतात आल्या, १९५५ साली नवल टाटांशी लग्न झालं आणि १९६१ साली लॅक्मेच्या संचालक मंडळात गेल्या. पुढची काही दशकं भारतीय बायकांच्या वर्णाला, उन्हाला आणि पाकिटाला झेपतील अशी प्रसाधनं हा त्यांचा ध्यास होता. कंपनीचं नाव फ्रेंच संगीतकार देलीबच्या १८८३च्या ऑपेरावरून, आणि त्यातली लॅक्मे म्हणजे नीलकंठ नावाच्या पुजाऱ्याची मुलगी लक्ष्मी. फ्रान्सला गेलेली लक्ष्मी मुंबईत परत आली आणि तिचा कारभार एका सिमोनने पाहिला, हे मला फार आवडतं. लॅक्मे विकल्यावर त्यांनी ट्रेंट आणि वेस्टसाइड उभं केलं. डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

माझी एक मागणी आहे. बोव्हुआर मराठीत आली, तशी वेलची कारखान्याची डायरी थेट फ्रेंचमधून मराठीत यावी. मजकूर मोठा नाही. त्यासाठी फ्रेंच जाणणारा आणि प्रेस, मिलिंग, नगावरची मजुरी, रिजेक्ट माल या गोष्टी भोसरीच्या किंवा अंबडच्या कारखान्यांत प्रत्यक्ष पाहिलेला अनुवादक हवा. असा कुणी हा अंक वाचत असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे; डायरीची माझी प्रत, समासातल्या टिपणांसह, मी आनंदाने देईन.