डांबरातील तांबडा रंग

तेव्हाच्या मध्य प्रदेशातील व आजच्या छत्तीसगडमधील भिलाई येथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. झोतभट्टीला कोक लागतो. दगडी कोळसा हवा न लागू देता सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे कोक तयार होतो. त्या वेळी वायूबरोबर एक काळे, चिकट द्रव्यही बाहेर पडते. हेच डांबर. त्याचे ऊर्ध्वपातन केले असता नॅप्थॅलीन, अँथ्रासीन इत्यादी पदार्थ मिळतात. कृत्रिम रंगांचा उद्योग अशाच काळ्या डांबरातून जन्मास आला.

याच प्रदेशातील रानांत रंगाचा दुसरा एक कारखाना चालतो. पळस आणि कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात. कच्ची लाख धुतली की पाणी तांबडे होते. आळत्याचा रंग पूर्वी यापासूनच करीत.

डांबराचा आणि या किड्याचा संबंध काय? अँथ्रासीनच्या रेणूत कार्बनची तीन षट्‌कोनी वलये एका ओळीत जोडलेली असतात. हा रेणू केवळ अदृश्य जंबुपार किरण शोषतो; म्हणून शुद्ध अँथ्रासीन रंगहीन असते. मधल्या वलयाला समोरासमोर दोन ऑक्सिजन अणू जोडले की फिकट पिवळे अँथ्राक्विनोन मिळते. कडेच्या वलयावर हायड्रॉक्सिलचे दोन गट शेजारी शेजारी बसविले की नारिंगी-तांबडे अलिझरीन तयार होते. पायरीपायरीने रेणूतील इलेक्ट्रॉनांना उत्तेजित होण्यास कमी ऊर्जा पुरू लागते. त्यामुळे रेणू जांभळा व निळा प्रकाश शोषू लागतो, आणि जो प्रकाश उरतो तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. लाखेतील लॅकाइक अम्लाच्या रेणूतही अँथ्राक्विनोनचाच सांगाडा आहे.

अलिझरीन हा युरोपातील मंजिष्ठाच्या मुळांतील रंग होय. ही मुळे तेथे शेतात पिकवीत. तुरटीच्या साहाय्याने तो कापडावर तांबडा बसतो. लोहक्षार वापरल्यास जांभळट होतो. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो अँथ्रासीनपासून बनविला, आणि थोड्याच वर्षांत मंजिष्ठाची शेती बसली. १८९७ मध्ये जर्मनीतील बी.ए.एस.एफ. कंपनीने नॅप्थॅलीनपासून तयार केलेली नीळ बाजारात आणली. भारतीय निळीचे भाव कोसळले. चंपारणातील मळेमालकांनी आपला तोटा खंडवाढीच्या रूपाने कुळांवर लादला. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले, त्यामागील कारणांपैकी हे एक होते.

लाखेच्या रंगाचीही बाजारपेठ कृत्रिम रंगांनी हिरावून घेतली. परंतु लाखेत राळही असते. बांगड्या, रोगण आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या यांसाठी राळेला मागणी राहिली, म्हणून लाख पिकविणाऱ्यांचा व्यवसाय तगला. निळीच्या रोपाला असा दुसरा आधार नव्हता.

मुळातील अलिझरीन व कारखान्यातील अलिझरीन यांचे रेणू एकच आहेत. कापडाला त्यांत भेद कळत नाही. रंग पदार्थाच्या कुळात नसून अणूंच्या रचनेत असतो. ही रचना प्रयोगशाळेत उलगडली, आणि तिचे परिणाम शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचले.