ग्वांगझूमध्ये चांगलं दिमसम कुठे खायचं आणि ताजं कसं ओळखायचं

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना माहिती आहे की मी अर्ध्या तासात चार वेळा "भूक लागली" म्हणालोय. ती वाक्यं इथे कापलीत. बाकी बोलणं साधारण तसंच ठेवलंय, फक्त जागांची नावं नीट लिहून काढलीत. कारण तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "कँटन फेअरला चाललोय, एकच सकाळ मोकळी आहे, दिमसम कुठे खाऊ?"

एका ओळीत उत्तर हवं असेल तर मेट्रोची लाईन १ पकडा, चांगशौ लू स्टेशनला उतरा, बाहेर पडलात की तुम्ही लिवान भागात आहात. जुनं ग्वांगझू हेच. शहराची नावाजलेली जुनी चहाघरं इथून चालत गाठता येतात. पण नुसता पत्ता देऊन मी थांबलो तर तुमची सकाळ फुकट जाऊ शकते. नाव मोठं असलं तरी टोपलीत काय येईल याची हमी नाही, आणि आजचा खरा मुद्दा तोच आहे.

आधी एक गैरसमज काढू. मुंबई-पुण्याच्या मेन्यूकार्डवर दिमसम म्हणजे मोमोचा जरा श्रीमंत भाऊ. तिकडे तसं नाही. दिमसम हा एक पदार्थच नाही. आपण 'फराळ' म्हणतो तेव्हा चकली, करंजी, शंकरपाळे सगळं आलं ना? तसं. वाफवलेलं, तळलेलं, भाजलेलं, गोड, तिखट, सगळं मिळून दिमसम. आणि ते खायला जाणं याला कँटनी भाषेत म्हणतात 'यम चा', म्हणजे चहा पिणं. चहा मुख्य, खाणं त्याच्या सोबतीला. (हो, त्यांचं 'चा' आणि आपला 'चहा' एकाच मुळाचे.)

जुन्या काळी मजूर लोक पहाटे रस्त्याकडेच्या स्वस्त चहाटपरीवर बसायचे. 'दोन ली'वाल्या टपऱ्या म्हणायचे त्यांना, ली म्हणजे अगदी चिल्लर. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन-तीन मजली चहाघरं आली, पण सवय तीच राहिली: एक भांडं चहा, दोन पदार्थ, हातात पेपर, आणि दोन तास कुणी उठवत नाही. आजही सकाळी सात वाजता गेलात तर अर्धं दुकान आजी-आजोबांनी भरलेलं दिसेल. त्यातले कितीतरी रोजचे आहेत, रोजच्याच टेबलावर बसणारे.

आता आपलं कनेक्शन, पटकन. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून कापूस आणि अफू भरून जहाजं या शहरात यायची, परत जाताना चहा आणि रेशीम न्यायची. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी इथे अनेक फेऱ्या करून गेले. नदीतल्या चांगझौ बेटावर पारशी व्यापाऱ्यांची जुनी कबरस्तानाची जागा अजून आहे. म्हणजे कँटनला जाणारे मुंबईकर ही काही फेअरपासूनची गोष्ट नाही. फेअर तर १९५७ साली सुरू झाला.

बरं, मुद्द्यावर. दिमसमचं खरं दुखणं आहे फ्रीझर. विचार करा, चांगला दिमसम बनवणारा कारागीर मध्यरात्रीनंतर कामाला लागतो. पीठ, सारण, वळणं, सगळं हाताचं. जागेचं भाडं वाढलं, असं काम शिकायला पोरं मिळेनात, मग हॉटेलवाला काय करतो? एका मोठ्या स्वयंपाकघरात सगळं बनवून गोठवतो आणि शाखांना पाठवतो. शाखेत उरतं फक्त वाफ देणं. काही ठिकाणी तर हॉटेलचं स्वतःचं स्वयंपाकघरही नसतं, पाकिटं बाहेरून येतात. टोपली बांबूचीच, वाफही खरी, पण आतला माल तीन आठवड्यांपूर्वीचा. ग्वांगझूचे लोक यावर चिडतात, भांडतात. म्हणून आता चांगली दुकानं बाहेर ठळक लिहितात की आमच्याकडे ऑर्डर आल्यावर ताजं बनतं. पाटी वाचून विश्वास ठेवायचा की खाऊन, ते तुम्ही ठरवा. मी खाऊन ठरवतो.

आणि ओळखणं अवघड नाहीये. विशेषतः आपल्याला, कारण आपण उकडीचे मोदक खाल्लेत.

'हा गाउ' हा पदार्थ घ्या. कोळंबीचं सारण, बाहेर अर्धपारदर्शक पांढरी पारी, एका बाजूला बारीक कळ्या. पीठ गव्हाचंच, पण त्यातलं ग्लूटेन धुऊन काढलेलं, म्हणजे उरतो नुसता स्टार्च. त्यावर उकळतं पाणी ओतून मळायचं. उकडच झाली की नाही! या पिठाला ताण नसतो, लाटायला गेलं की फाटतं. म्हणून कारागीर तेल लावलेला बोथट, रुंद सुरा आडवा धरून गोळी दाबत फिरवतो आणि एका हिसड्यात गोल पारी तयार. मग कळ्या, जुना हिशोब साधारण डझनभराचा. मोदक करणाऱ्या आईला किंवा आजीला हा व्हिडिओ दाखवा, ती लगेच त्याच्या कळ्या मोजायला लागेल.

आता आपली उकड फ्रीझरमध्ये ठेवून काढली की काय होतं? कडा कडक होतात, भेगा पडतात, वाफवल्यावर मधेच चिकट लागते. हा गाउचंही तेच. ताज्यातून आतल्या कोळंबीची गुलाबी झाक दिसते, चॉपस्टिकने उचलला की पारी फाटत नाही, तळाच्या कागदाला चिकटून राहत नाही. कोळंबी दाताखाली कचकन तुटली पाहिजे. पारी दुधट, जाड आणि च्युइंगमसारखी लागली तर समजून घ्या.

पण माझी आवडती परीक्षा हा गाउची नाही, 'चेउंग फन'ची. तांदळाच्या पातळ पिठाचा वाफेवर धरलेला पापुद्रा, त्यात कोळंबी किंवा मांस गुंडाळून वरून गोडसर सोया सॉस. आपल्या तांदळाच्या सालपापड्या ओल्याच सोलून गुंडाळल्या तर कशा लागतील, तसा पोत. जुन्या पद्धतीत पीठ कापडावर ओततात आणि वाफ आल्यावर पापुद्रा सोलून काढतात, हल्ली स्टीलचे ड्रॉवर असतात. मुद्दा असा की हा पापुद्रा गोठवून परत गरम केला की मेला. त्यामुळे ज्या दुकानाचा चेउंग फन रेशमासारखा आहे, तिथे आत कुणीतरी खरोखर उभं राहून काम करतंय. उलट चा सिउ बाउ (गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा पाव), सिउ माय, कमळाच्या पानातला चिकट भात हे फ्रीझर बऱ्यापैकी सहन करतात. त्यांच्यावरून दुकान जोखू नका.

आणखी एक साधी खूण. ऑर्डर दिली आणि पाच मिनिटांत दहाच्या दहा टोपल्या टेबलावर? घाई नसलेल्या शहरात ही घाई कशाची, विचारा स्वतःला. ताजं असेल तर पदार्थ एकेक करून, वेड्यावाकड्या क्रमाने येतात. गोड आधी, तिखट नंतर. चालतं.

तर आता जागा. चांगशौ लू स्टेशनजवळ वेनचांग नान रोडवर 'ग्वांगझू जिउजिया' आहे, १९३५ पासूनचं. शहराचंच नाव लावून बसलेलं हे हॉटेल, आणि त्याचा रुबाब तसाच आहे: मध्ये अंगण, भोवती मजले, सुटीच्या दिवशी नंबर घेऊन ताटकळणारी कुटुंबं. गंमत म्हणजे हीच कंपनी २०१७ साली शांघायच्या शेअर बाजारात आली आणि तिचा मोठा धंदा मूनकेक आणि गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा आहे. म्हणजे मी मघाशी ज्या फ्रीझरला शिव्या घातल्या, तो आणि शहराचं सगळ्यात मानाचं टेबल एकाच घरात नांदतात. माझं मत? मूळच्या वेनचांग शाखेत जा, सकाळी लवकर जा. मॉलमधल्या शाखेसाठी इतक्या लांब आलेले नाही आहात.

तिथून थोडं चाललात की दिशिफू रोडवर 'ताओ ताओ जू'. १८८० चं. पाटीवरची अक्षरं सुधारणावादी विचारवंत कांग योवेई यांची आहेत असं सांगतात. इमारत बघण्यासारखी, गर्दीही बघण्यासारखी. याच नावाच्या चकचकीत शाखा आता खूप झाल्यात, त्यामुळे टॅक्सीवाल्याला फक्त नाव सांगू नका, रस्त्याचंही नाव सांगा.

आणि एकच जागा निवडायची असेल तर मी पाठवीन 'पानशी'ला. लिवान तलावाकाठी, १९४७ साली सुरू झालेलं. १९६० च्या सुमारास वास्तुविशारद मो बोझी यांनी ते नव्याने बांधलं आणि जुन्या वाड्यांतून मोडून काढलेल्या कोरीव चौकटी आणि रंगीत काचेच्या खिडक्या त्यात बसवल्या. तलाव, पूल, खडक, आणि त्यात टेबलं. इथले दिमसम उस्ताद लुओ कुन यांनी हा गाउच्याच पारीचे पांढरे सशाच्या आकाराचे दिमसम प्रसिद्ध केले. लहान मुलं सोबत असतील तर तेच मागवा, वाद संपतात. फक्त निघण्याआधी दुकान उघडं आहे का ते तपासा. ही जुनी घरं दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात.

'दिम दोउ दाक' ही नवी साखळी जागोजागी दिसेल. मला तिचं कौतुक आहे. लाल तांदळाच्या पापुद्र्यात कुरकुरीत आवरण आणि त्यात कोळंबी, असा त्यांचा चेउंग फन आहे. पहिला घास मऊ, दुसऱ्या क्षणी कुर्रर्र. जुनं वातावरण नाही, पण फेअरच्या दिवसात पाय तुटलेले असताना हॉटेलजवळ हीच सापडेल. आणि फक्त चेउंग फन खायचा, दहा मिनिटांत, उभ्या गर्दीत? मग 'यिनजी'. जुनं नाव, साधी टेबलं, बीफचा चेउंग फन त्यांची ओळख.

इथे थांबून शाकाहारी मंडळींशी स्पष्ट बोलतो. नावावर जाऊ नका. मुळ्याचा केक, लो बाक गो, ऐकायला किती निरागस! त्यात चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. कमळाच्या पानातल्या भातात मांस असतं. सिउ मायमध्ये डुकराचं मांस आणि कोळंबी दोन्ही. एग टार्टच्या खुसखुशीत पारीत बऱ्याचदा चरबी असते. मागायचं असेल तर 'जाय चेउंग', म्हणजे काहीही न भरलेला चेउंग फन, आणि शिंगाड्यासारख्या लागणाऱ्या वॉटर चेस्टनटचा पारदर्शक गोड केक. 'मी शाकाहारी' हे कँटनीत साधारण "न्गो सिक जाय" असं होतं, पण तुमच्या उच्चारावर पोट सोपवू नका. फोनमध्ये "मांस, मासे, कोळंबी, डुकराची चरबी नको" हे चिनीत लिहून ठेवा आणि दाखवा. बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांनीही हेच करा. कोंबडीचे पाय, फुंग जाउ, मात्र खाणाऱ्यांनी चुकवू नका: आधी तळलेले, मग भिजवलेले, मग काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवलेले. हाडं तोंडातून हळूच काढून ताटलीत ठेवायची. तिथे सगळे तसंच करतात.

बसल्यावर पहिला प्रश्न खाण्याचा येत नाही, चहाचा येतो. तळकट खाणार असाल तर बो लेय (पुअर), हलकं हवं असेल तर शेवंतीचा. चहाचे पैसे माणशी लागतात, बिलात ती ओळ दिसली की फसवलं म्हणून भांडू नका. पदार्थांपुढे किंमतीऐवजी लहान, मध्यम, मोठा, खास असे दर्जे लिहिलेले असतात आणि दर्जानुसार दर. बऱ्याच ठिकाणी अगदी सकाळी किंवा दुपारी उशिरा दर कमी असतात, आजी-आजोबा उगाच सातला येत नाहीत. पहिलं गरम पाणी वाट्या-चॉपस्टिक विसळायला आहे, ते पिऊ नका. गाडे ढकलत येणाऱ्या काकू आता जवळजवळ दिसत नाहीत, टेबलावर क्यूआर कोड असतो. म्हणून भारतातून निघतानाच अलीपे टाकून आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. गूगल मॅप तिकडे धड चालत नाही, चिनी नकाशाचं ॲप घ्या आणि दुकानांची चिनी नावं स्क्रीनशॉट करून ठेवा.

कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करा, हेच थँक यू. छ्यानलाँग बादशहा वेष पालटून फिरताना नोकराच्या कपात चहा ओतायचा आणि नोकर बोटांनीच नमस्कार करायचा, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट मला रचलेली वाटते, टकटक खरी आहे. किटलीतलं पाणी संपलं की झाकण काढून तिरकं ठेवा, हाक न मारता कुणीतरी येऊन भरून जाईल.

एकटे असाल तर अनोळखी टेबलावर बसवतील, बसा. दोघांना चार टोपल्या पुरतात, पाचवी उरते. पहिल्या चारात एक चेउंग फन असू द्या.