कॉम्प्युटर सुरू होईना, नेट चालेना? दुकानात नेण्याआधी घरीच एवढं तपासा

सुपे (ता. बारामती) : महाडीबीटीवर अर्ज भरायचा असतो, पोरीच्या प्रवेशाच्या फॉर्मची मुदत उद्या संपणार असते, आणि नेमका त्याच दिवशी घरातला कॉम्प्युटर सुरू होत नाही. सुपे परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर हा प्रसंग नवा नाही. मग कॅबिनेट पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर मधे धरायचं आणि चौफुला नाहीतर थेट बारामती गाठायची. तिथं कुणीतरी सांगतं, "विंडोज मारावं लागेल, फॉरमॅट करतो." घाईत आपण हो म्हणतो. घरी आल्यावर कळतं, की लग्नाचे फोटो, दुधाचा हिशोब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन सगळं गेलं. बऱ्याचदा मूळ बिघाड मात्र सैल वायरीचा किंवा धुळीचा असतो.

विहिरीवरची मोटर पाणी उचलत नसेल, तर शेतकरी लगेच मोटर वर काढत नाही. आधी लाईट बघतो, मग स्टार्टर, मग मोटर, शेवटी पाइप. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. तो नेमका कुठपर्यंत येऊन थांबला, हे बघितलं की अर्धं काम झालं.

१. बटण दाबलं, काहीच होत नाही

ना दिवा, ना पंख्याचा आवाज. अशा वेळी दोष बहुतेक लाईटच्या बाजूला असतो.

- त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघायचा. चार्जिंग होत नसेल तर बोर्डच बंद आहे.
- यूपीएस काढून कॅबिनेटची वायर थेट बोर्डाला लावायची. आता सुरू झाला तर दोष यूपीएसचा. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते.
- कॅबिनेटच्या मागे, वायर जाते तिथं एक छोटं बटण असतं. झाडलोट करताना ते बंद होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.
- वायर काढून पॉवरचं बटण १५ ते २० सेकंद दाबून धरायचं, मग परत वायर लावून सुरू करायचा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ३० सेकंद बटण दाबायचं. आत अडकलेला करंट उतरला की कित्येकदा मशीन चालू होतं.

संध्याकाळी पंखा मंद फिरतो, ट्यूब फडफडते, तेव्हा दाब कमी असतो. घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. फारच कमी दाबावर कॉम्प्युटर सुरू होत नाही, किंवा मधेच बंद पडतो. त्याची तक्रार विजेच्या १९१२ या नंबरवर करता येते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. घराचं अर्थिंग तुटलंय किंवा उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडलाय. वायरमनकडून तपासून घेईपर्यंत कॉम्प्युटर लावू नये. ज्या डब्यात पॉवरची वायर जाते तो डबा मात्र घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याइतका करंट राहतो.

२. पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

आधी मॉनिटरचा दिवा लागलाय का आणि त्याची वायर दोन्हीकडे घट्ट आहे का ते बघायचं. मागे मॉनिटरच्या वायरीसाठी दोन जागा असतील तर दुसऱ्या जागी लावून बघायची.

तरी स्क्रीन काळीच, आणि आतून 'बीप बीप' आवाज येत असेल तर बहुतेक वेळा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, एकदा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातला विद्युतभार निघून जातो. पट्टी दोन्ही कडांच्या खिट्ट्या उघडून बाहेर काढायची, तिच्या पिवळ्या टोकांवरून स्वच्छ खोडरबर हलकं फिरवायचं, भुरा झटकायचा आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवायची.

झाकण उघडलंच आहे तर धूळही काढून घ्यायची. बाजरीची मळणी, गोठा, कच्चा रस्ता, यामुळे आपल्याकडे पंख्यावर थर बसतो. थर बसला की मशीन तापतं आणि आपोआप बंद पडतं. मऊ ब्रशने किंवा लांबून ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंखा बोटाने अडवून धरायचा. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नये, तिच्यासोबत पाण्याचे थेंब येतात.

३. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येऊन थांबतो

'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा मेसेज आला तर घाबरायचं नाही. आधी लावलेला पेनड्राइव्ह काढायचा, सीडी असेल तर काढायची. कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो. नसेल तर हार्डडिस्कची वायर सैल झाली असेल, ती दाबून बसवायची. डिस्कमधून 'टिक टिक' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करायचं. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की आतला उरलेला डेटाही जातो.

दर वेळी 'एफ वन दाबा' असं येतं, आणि तारीख मागे जाऊन कुठल्यातरी जुन्या वर्षाची दिसते? मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्यावर सीआर २०३२ असं छापलेलं असतं. घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि स्वस्त असतो.

या सेलमुळे नेटसुद्धा बंद पडल्यासारखं वाटतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे तारखेच्या मुदतीचं एक ओळखपत्र असतं. कॉम्प्युटरची तारीख चुकली की त्याला ते ओळखपत्र खोटं वाटतं आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून तो साइट उघडत नाही. म्हणून नेट चालत नसेल तर कोपऱ्यातली तारीख-वेळ आधी बघायची.

४. विंडोजचं चिन्ह येतं आणि गोल फिरत राहतं

अपडेट चालू असेल तर वेळ लागतो. जुन्या मशीनवर तास-दोन तासही लागतात, तोवर बटण दाबून बंद करू नये. खरंच अडकला असेल आणि सलग दोन-तीन वेळा सुरू होताना अयशस्वी झाला, तर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप रिपेअर' निवडायचं. त्यात आपल्या फायली जात नाहीत. 'रीसेट' लिहिलेल्याला मात्र डेटा बाहेर काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

५. कॉम्प्युटर चालू, पण नेट नाही

पहिला प्रश्न, त्याच वायफायवर मोबाईल चालतो का? मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून बघायचं.

*मोबाईल चालतो, कॉम्प्युटर नाही* : दोष कॉम्प्युटरमध्ये. एअरप्लेन मोड किंवा वायफायचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघायचं. कनेक्शन 'फरगेट' करून पासवर्ड परत टाकायचा. सेटिंगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. वायर बदलून किंवा दोन्ही बंद-चालू करून बघायचं, आधी राउटर, दोन मिनिटांनी कॉम्प्युटर.

*मोबाईलही चालत नाही* : आता राउटरचे दिवे बघायचे. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. कुठं जेसीबीने रस्ता उकरताना, कुठं उसाच्या ट्रॉलीत अडकून वायर तुटलेली असते. घरातली पिवळी वायर कुठं मुडपली नाही ना, एवढंच बघायचं आणि तक्रार नोंदवायची. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नये.

राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं, ते दाबायचं नाही. त्याने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. नुसता पॉवर बंद करून मिनिटभराने चालू करायचा.

*पुढच्या खोलीत चालतं, मागे नाही* : जाड दगडी भिंत आणि पत्र्याचं कपाट वायफाय अडवतं. राउटर कपाटातून काढून उंचावर ठेवायचा. दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झवालं निवडायचं. ते थोडं हळू असतं, पण भिंतीतून पुढे पोचतं.

फॉर्मची मुदत आजच असेल तर मोबाईल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडून मोबाईलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. ते चालू होताच एक करायचं. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचं. नाहीतर दिवसाचा दीड जीबी विंडोजचं अपडेटच खाऊन टाकतं आणि फॉर्म अर्धा राहतो.

नंबर शोधताना सावध

नेट कंपनीचा नंबर बिलावरूनच घ्यायचा, गुगलवर शोधून नाही. तिथं भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा' असा पडदा आला तर तो खोटाच समजायचा, ब्राउझर बंद करायचा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

दुकानात न्यावाच लागला तर

पडद्यावर आलेल्या मेसेजचा मोबाईलवर फोटो काढून न्यायचा. दुकानदाराला तीन गोष्टी विचारायच्या. डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर काढून देणार का? फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा करणार की सगळ्या डिस्कचा? बदललेला जुना पार्ट परत देणार का? विंडोज बंद असलं तरी डिस्क धड असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून डेटा काढता येतो. नवीन लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असू शकते. तिची ४८ आकडी किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणून त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा.

'विंडोज १० बंद झालं म्हणून मशीन बंद पडलं' असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, मशीन चालायचं थांबलेलं नाही. मात्र अशा मशीनवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे.

आज कॉम्प्युटर चालू असेल तर सातबाऱ्याचे स्कॅन, मार्कशीट आणि फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवायला अर्धा तास पुरतो.