गवत कापण्याचे यंत्र : पेट्रोलचे की बॅटरीचे?

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यातील गावागावांतून गवत कापणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. कुळागर असो, नारळाचे भाट असो वा काजूचा डोंगर. कोयत्याने आठवडाभर चालणारे काम यंत्र दोन-तीन दिवसांत उरकते. आजवर हे यंत्र म्हणजे पेट्रोलचेच, असे समीकरण होते. आता बॅटरीवर चालणारी यंत्रेही दुकानांत दिसू लागली आहेत. घ्यावे कोणते, याचे उत्तर किमतीच्या पाटीवर शोधले जाते. वास्तविक ते काम किती तासांचे आणि वीज किती जवळ, यावर ठरते.

थोडा हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन तिचा जेमतेम १५ टक्के भाग पात्यापर्यंत पोहोचवते, असे धरले तरी १.३ युनिट काम हाती लागते. याउलट ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत मुळातच ०.१८ युनिट ऊर्जा मावते. विजेची मोटर तिचा ८० टक्के भाग सत्कारणी लावते खरी. पण एका लिटरची बरोबरी करण्यास अशा नऊ बॅटऱ्या लागतील. काजूचा हंगाम येण्यापूर्वी डोंगरउतारावरील कमरेएवढे रान साफ करायचे असेल, तर तूर्त पेट्रोलला पर्याय नाही, हे मान्य केलेले बरे. घराभोवतीच्या परसाचे काम मात्र अर्ध्या-पाऊण तासाचे असते. तिथे एक-दोन बॅटऱ्या पुरतात आणि एक बॅटरी भरण्यास पाव युनिटही वीज लागत नाही.

पेट्रोल यंत्राची खरी किंमत मात्र पंपावर दिसत नाही. स्वस्त यंत्रांपैकी बहुतेक टू-स्ट्रोक असतात. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि तेही जळते. शिवाय नवे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असते. त्यामुळे पेट्रोलचा काही भाग न जळताच निसटतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबानुसार, पाने उडवणारे व्यावसायिक पेट्रोल यंत्र तासभर चालवल्यास विषारी धुके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे होण्यास मोटारीला सुमारे १,७७० किलोमीटर धावावे लागते. अशा इंजिनांच्या नव्या उत्पादनांवर त्या राज्याने २०२४ पासून निर्बंध घातले.

इथे मुद्दा केवळ वातावरणाचा नाही. धुराचे नळकांडे चालवणाऱ्याच्या पाठीशी किंवा कमरेशी असते. यंत्र निवडतो बागेचा मालक. धूर, कर्कश आवाज आणि हाताला बसणारी थरथर सोसतो रोजंदारीवरचा कामगार. दीर्घकाळच्या थरथरीने बोटांतील रक्ताभिसरण बिघडते, बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. बॅटरीच्या यंत्रात धूर नाही आणि थरथरही पुष्कळच कमी. डोंगरावर पेट्रोलच हवे असेल, तर थोडे जड व महाग असले तरी फोर-स्ट्रोक यंत्र घ्यावे. कानांचे संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा कामगाराला मालकानेच द्यावा. उडालेला जांभ्याचा खडा मोटर आणि इंजिन यांत भेद करीत नाही.

आणखी एक अडचण इंधनाचीच. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिका मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. जून ते सप्टेंबर टाकीत पेट्रोल तसेच राहिले, तर पाणी खाली साचते आणि कार्बोरेटर गंजतो, चोंदतो. चतुर्थीनंतर यंत्र सुरूच होत नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

बॅटरीलाही पथ्ये आहेत. ती उन्हात ठेवू नये, काम संपताच गरम असताना चार्जिंगला लावू नये आणि पावसाळ्यात साधारण निम्मी भरून कोरड्या जागी ठेवावी. निकामी झाल्यावर ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही. म्हणून यंत्राची किंमत विचारताना सुट्या बॅटरीची किंमत आणि ती जवळपास कुठे मिळते, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.