लस कुणाला चालते आणि कुणाला चालत नाही?



२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. खोडव्याच्या नोंदी द्यायला आम्ही चार-सहा जण गट ऑफिसवर जमलो होतो. साहेब यायचे होते म्हणून कट्ट्यावर टेकलो. एका सभासदांनी वर्तमानपत्राची घडी पुढे केली आणि म्हणाले, "गुरुजी, हे वाचलं का? कोव्हिशील्डनं रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून विलायतेच्या कंपनीनं कोर्टात लिहून दिलंय. आपण सगळ्यांनी तीच टोचून घेतलीय. आता कसं हो?" दुसरे म्हणाले, "तरी मी सांगत होतो." ते काय सांगत होते हे कुणालाच आठवत नव्हतं, पण चेहरे उतरले खरे.

त्या दिवशी मी जमेल तसं सांगितलं. परंतु पुढे हाच प्रश्न जागोजाग कानावर येत राहिला. आता तर फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दलही माणसं तेच विचारतात, की मला ती झेपेल का? सबब हा लेख. मी डॉक्टर नव्हे. शाळामास्तर होतो, आता दोन एकर उसाचा धनी. आरोग्य खात्याच्या सूचनांत जे छापून आलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, तेवढंच लिहितो.

आधी घरचं सांगतो. माझी थोरली चुलती, आम्ही सारे तिला आक्का म्हणायचो. वय अडुसष्ट, पंधरा वर्षांची शुगर, जोडीला ब्लडप्रेशर. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. आक्काची पाळी आली. घरात बैठक बसली आणि आम्ही शहाण्या माणसांनी ठरवलं, की तिच्या अंगात आधीच काही नाही, तिला लस सोसायची नाही. तरी एकदा केंद्रावर घेऊन गेलो, तर तिथल्या एकानं "आधी शुगर खाली आणा, मग या" म्हणून परत धाडलं. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. एप्रिलच्या शेवटी आक्काला कोरोना झाला. अठरा दिवस ऑक्सिजनवर होती. परत आली नाही.

लस घेतली असती तर ती वाचलीच असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ज्या कारणानं आम्ही तिला मागं ठेवलं, ते कारण साफ उलटं होतं. शुगर, ब्लडप्रेशर, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा आजार ही लस टाळायची कारणं नव्हती. लस लवकर घ्यायची कारणं होती. म्हणून तर सरकारनं साठीच्या पुढच्यांबरोबर पंचेचाळीस ते साठमधल्या अशाच आजारी माणसांना धडधाकटांच्या आधी नंबर दिला होता. कुटुंबातलं अशक्त माणूस आपण जपून मागं ठेवतो, आणि रोग नेमका त्यालाच गाठतो.

मग चालत नव्हती कुणाला? ती यादी फार आखूड. ज्याला पहिल्या डोसानंतर किंवा लशीतल्या एखाद्या घटकामुळे जोराची ॲलर्जी झाली, म्हणजे श्वास कोंडणं, चेहरा-घसा सुजणं, रक्तदाब एकदम खाली येणं, त्याला ती लस पुन्हा द्यायची नाही. कोव्हिशील्डपुरतं आणखी दोन गोष्टी: आधीच्या डोसानंतर प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या झाल्या असतील तर नाही, आणि केशवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा एक अतिदुर्मिळ विकार पूर्वी झाला असेल तर नाही. बाकीचे सारे 'थांबा' या सदरातले. अंगात ताप आहे, ओसरू द्या. कोरोना होऊन गेला, तर मे २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे तीन महिने जाऊ द्या. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे ते याच ॲलर्जीसाठी. ती बहुधा तेवढ्या वेळातच उठते, आणि केंद्रावर तिच्यावरचं इंजेक्शन तयार असतं. आपली मंडळी मात्र "म्हशीची धार काढायचीय" म्हणून मागल्या दारानं पसार व्हायची!

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांचा घोळ सर्वांत मोठा. दंडात बारीक सुई जाते, रक्त जरा जास्त वेळ येईल इतकीच धास्ती. टोचल्याजागी न चोळता काही मिनिटं कापूस दाबून धरायचा. मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. लशीपायी गोळी बंद केलेल्या माणसाला लशीपेक्षा त्या बंद गोळीचं भय जास्त. मूत्रपिंड बदललेले, कॅन्सरची औषधं चालू असलेले, एच.आय.व्ही.चे रुग्ण, यांनाही ही लस घातक नव्हती. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू होता आणि कोव्हिशील्डमधला विषाणू शरीरात वाढू न शकणारा. अशा रुग्णांत लशीचा जोर कमी पडतो, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची, एवढंच.

आता गर्भवतींचं. इथं लोकांचा गोंधळ झाला, आणि तो सर्वस्वी लोकांचा दोष नव्हे. जानेवारी २०२१ च्या सूचनांत गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या बायांना लस देऊ नये असं स्पष्ट होतं. मग मे मध्ये पाजणाऱ्या बायांना आणि २ जुलै २०२१ ला गर्भवतींना मोकळीक मिळाली. माणसं म्हणाली, काल विष होतं ते आज अमृत कसं झालं? तर विष ते कालही नव्हतं. सुरुवातीच्या चाचण्यांत गर्भवती बाया घेतलेल्याच नव्हत्या, म्हणून माहिती नव्हती. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून नवं बेणं निघतं, ते भारी जमिनीत तपासलेलं असतं आणि क्षारपडीत नसतं, तोवर क्षारपडीसाठी शिफारस होत नाही. ते तिथं जळतं असा त्याचा अर्थ नव्हे. २६५ क्षारपड रानात तग धरतो हे लावून पाहिल्यावरच कळलं ना? गर्भवतींचंही पुढं जगभरच्या नोंदींतून कळलं, की लशीनं गर्भाला अपाय दिसत नाही, उलट गरोदरपणी कोरोना झाला तर बाई अतिदक्षता विभागात जाण्याचा आणि अपुऱ्या दिवसांचं मूल होण्याचा धोका वाढतो. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस नको, ही एप्रिल २०२१ मधली आवई मात्र निव्वळ बनावट होती. सरकारनंही ती खोडून काढली होती.

कट्ट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. गुठळ्यांची गोष्ट खरी आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण ती २०२४ ची नवी बातमी नव्हे. युरोपच्या औषध नियामकांनी ७ एप्रिल २०२१ लाच हा अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून जाहीर केला होता. आपल्याकडे मे २०२१ मध्ये सरकारी समितीनं अशा संशयित २६ घटना सांगितल्या, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये हे प्रमाण जास्त दिसलं, लाखात एक-दोन. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना आकड्यांनी काय समाधान? परंतु हा विकार बहुतेक पहिल्या डोसानंतर, आणि चार दिवसांपासून सुमारे सहा आठवड्यांच्या आत उठतो. २०२१ मध्ये टोचून घेतलेल्यानं त्यापायी आज रात्र जागवण्याचं कारण नाही.

तरणाताठा पोरगा अचानक गेला की "लशीनंच गेला" असं स्मशानातच ठरतं. वैद्यक संशोधन परिषदेनं ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच आढळला. वाढवणारी कारणं निघाली ती अशी: कोरोनानं रुग्णालयात पडावं लागणं, घराण्यात असा मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू, आणि अंगाला न पेलणारी मेहनत. दारूचं वाक्य कट्ट्यावर कुणी मोठ्यानं वाचत नाही, ही गंमत.

आज कोरोनाची मोहीम गावोगाव चालू नाही. पण फ्लूचं इंजेक्शन आहे, आणि साठीच्या पुढच्यांना, शुगरवाल्यांना, गर्भवतींना ते चालतं. तोडणीवर आलेल्या गर्भवती बाईला धनुर्वाताची लस चालते, द्यावीच लागते. गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत विषाणूच्या लशी मात्र गरोदरपणी देत नाहीत. म्हणजे सरसकट 'चालते' म्हणून भागत नाही. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं खिशात न्यावीत आणि पूर्वी कशाची ॲलर्जी आली ते विचारायच्या आधी सांगावं.

आक्का गेल्यावर चुलते, आमचे आण्णा, एकटे राहिले. त्यांना लागण झाली नव्हती, पण हृदयात स्टेंट, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू. जून २०२१ मध्ये मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो. पाकीट दाखवलं. टोचल्यावर पाच मिनिटं कापूस दाबून धरला, अर्धा तास लिंबाखाली बसले. रात्री थोडी कणकण आली, सकाळी गेली. दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी, ऐन गणपतीत आला. मी गाडी घेऊन दारात गेलो, तर आण्णा टोपी घालून, गोळ्यांचं पाकीट खिशात टाकून आधीच उभे होते.