मोटारसायकलचे भारण मंडल : तारजोडणीतील दोष व दुरुस्ती

एंजिनाच्या साहाय्याने वीज निर्माण करून बॅटरी (संचायक घटमाला) भारित ठेवणाऱ्या विद्युत् मंडलातील दोषांचा शोध व त्यांचे निवारण. अनेक मोटारसायकलींत एंजिनाबरोबर फिरणाऱ्या कायम चुंबकांमुळे स्थिर गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह निर्माण होतो. तीन तारांतून तो एकदिशकारक-नियंत्रकाकडे जातो. तेथे तो एकदिश होऊन मर्यादित दाबाने बॅटरीस मिळतो.

१२ व्होल्टच्या भारित शिसे-अम्ल बॅटरीचा दाब एंजिन बंद असताना सु. १२.६ ते १२.८ व्होल्ट आणि ते मध्यम वेगाने चालू असताना सु. १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. एंजिन चालू करूनही दाब वाढत नसल्यास बॅटरी बदलण्याची घाई केली जाते. मग नवी बॅटरीही लवकरच उतरते व खर्च व्यर्थ जातो. दोष पुष्कळदा जोडात असतो. ज्या नियंत्रकांत जादा दाब टाळण्यासाठी गुंडाळ्या वारंवार लघुमंडलित केल्या जातात, त्यांच्या तारांतून दिवे बंद असतानाही मोठा प्रवाह वाहतो. जोड सैल झाला वा गंजला की त्याचा रोध वाढतो, तो तापतो व प्लॅस्टिक वितळून स्पर्श अधिकच बिघडतो. १५ अँपिअर प्रवाहाच्या मार्गात ०.१ ओहम रोध आल्यास दीड व्होल्ट वाया जातो आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत २२.५ वॉट उष्णता निर्माण होते. क्वचित यातून आगही लागते.

रोधमापकाने हा दोष सापडेलच असे नाही. तारेचा एकच पदर शाबूत असला, तरी मापकाच्या अत्यल्प प्रवाहास तो पुरतो. म्हणून एंजिन चालू व दिवे लावलेले असताना दाबातील घट मोजावी. नियंत्रकाचे व बॅटरीचे धन टोक यांत ती ०.३ व्होल्टपेक्षा अधिक आढळल्यास मधला जोड संशयास्पद समजावा. ऋण बाजूही अशीच तपासावी. गुंडाळ्यांकडील जोडांसाठी मापक प्रत्यावर्ती दाबावर ठेवतात. हे जोड सोडविल्यावर गुंडाळ्यांच्या तीन टोकांपैकी कोणत्याही दोहोंमधील दाब जवळजवळ सारखा यावयास हवा, तसेच एकाही टोकाचा एंजिनाच्या धातूशी संपर्क नसावा.

काळवंडलेल्या तांब्यावर डाख नीट धरत नाही, म्हणून चकचकीत तांबे दिसेपर्यंत तार कापतात. नवा तुकडा मूळ तारेएवढ्या किंवा अधिक जाडीचा घ्यावा, घट्ट दाबून जोडावा व त्यावर निरोधक नळी चढवावी. पुन्हा पुन्हा जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे धोक्याचे आहे. हँडलपाशी तारांना पुरेशी ढील ठेवावी. एरवी प्रत्येक वळणावर त्या ताणल्या जाऊन आवरणाच्या आत तुटतात.